नाणे न मागणारा खेळ

जुन्या खेळण्यांविषयीचे प्रेम हे वस्तूपेक्षा वयाशी निगडित असते, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. पन्नाशीतील एखादा गृहस्थ टीव्हीसमोर बसून हातातील दांडा वळवीत पडद्यावरच्या पिवळ्या तोंडाला ठिपके खावयास लावीत असेल, तर घरातील माणसे हसतात आणि आपापल्या कामास लागतात. गेलेल्या वयाची ही हौस. तिच्यात विचार करण्याजोगे काही असेल असे कोणाला वाटत नाही. परंतु या क्षुल्लक दिसणाऱ्या खेळण्याच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि मुलांच्या हातात फोन आल्यापासून तो घरोघरचा प्रश्न झाला आहे. खेळ नेमका कोणासाठी असतो? खेळणाऱ्यासाठी, की त्याच्या खिशावर डोळा ठेवणाऱ्यासाठी?

प्रथम हे खेळणे काय आहे ते पाहिले पाहिजे. २००२ साली जॅक्स पॅसिफिक या कॅलिफोर्नियातील खेळणी बनविणाऱ्या कंपनीने अटारी कंपनीचे दहा जुने खेळ एकाच जॉयस्टिकमध्ये बसवून अमेरिकेच्या बाजारात आणले. दिसावयास तो नुसता एक दांडा, एक-दोन बटणे आणि त्यातून निघालेली वायर. वायरीच्या टोकाला चित्रासाठी एक व आवाजासाठी एक अशा दोन पिना. दांड्याच्या बैठकीत पेन्सिल सेल घालावयाचे, पिना टीव्हीच्या खोबणीत खोचावयाच्या, की खेळ सुरू. वेगळे यंत्र नाही, बदलण्याची कॅसेट नाही, कोणत्याही जोडणीची खटपट नाही. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, या कंपनीने जपानच्या नामको कंपनीचे पॅक-मॅन, गॅलॅक्सियन, डिग डग, रॅली-एक्स व बॉस्कोनियन हे पाच खेळ अशाच एका दांड्यात आणले. त्यानंतर मिस पॅक-मॅनचा दांडा आला. त्यात पोल पोझिशन या मोटारींच्या शर्यतीसाठी तोच दांडा पिळून सुकाणूसारखा फिरविता येत असे. २००४ मध्ये जेरी एल्सवर्थ या स्वशिक्षित अमेरिकन अभियंतीने कमोडोर ६४ हा एके काळचा अख्खा गृहसंगणक एका चिपमध्ये उतरविला, आणि तीस खेळांसह तो जॉयस्टिकच्या आकारात विकला गेला.

हे सर्व खेळ आज घरातल्या कोचावर बसून खेळता येत असले तरी त्यांपैकी कित्येकांचा जन्म घरासाठी झालेला नव्हता. किंबहुना व्हिडिओ गेमच्या इतिहासाला आरंभापासूनच दोन वाटा फुटलेल्या आहेत, आणि दोन्ही १९७२ या एकाच सालात ठळकपणे दिसू लागल्या. रॅल्फ बेअर या अभियंत्याला १९६६ मध्ये असे सुचले की, लक्षावधी घरांत टीव्हीचे संच आहेत, आणि कार्यक्रम पाहण्यापलीकडे त्यांचा काहीच उपयोग होत नाही. तेव्हा त्यांवर खेळता का येऊ नये? त्याच्या प्रयोगांतून मॅग्नावॉक्स कंपनीचे ओडिसी हे यंत्र १९७२ मध्ये विक्रीस आले. ते एकदा विकत घ्यावयाचे आणि घरी हवे तितके खेळावयाचे. ही झाली पहिली वाट.

दुसरी वाट नाण्याची. त्याच वर्षी नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनी अटारी कंपनी काढली, आणि अ‍ॅलन अल्कॉर्न या त्यांच्या तरुण अभियंत्याने पाँग हा खेळ तयार केला. दोन फळ्या, एक चेंडू आणि चेंडू चुकवू नका एवढीच काय ती सूचना. पहिले यंत्र कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या एका मद्यगृहात ठेवण्यात आले. काही दिवसांतच ते बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्नने जाऊन उघडून पाहिले, तो यंत्रात बिघाड काहीच नव्हता. नाण्यांचा डबा गच्च भरल्यामुळे नवे नाणे आत जाण्यास जागा उरली नव्हती. एका मोठ्या उद्योगाचे सारे भवितव्य त्या भरलेल्या डब्यात दिसून आले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

नाण्यावर चालणाऱ्या खेळाचे अर्थशास्त्र सरळ आहे. एकाच माणसाने एका नाण्यात तासभर यंत्र अडवून धरले तर मालकाचे दिवाळे निघेल. आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच तो हरला तर पुन्हा फिरकणार नाही. म्हणून खेळ असा रचावयाचा की खेळणारा काही मिनिटांत हरला पाहिजे, पण हरताना त्याला ‘थोडक्यात चुकले’ असे वाटले पाहिजे. ‘थोडक्यात चुकले’ या तीन मिनिटांच्या हुरहुरीवर पुढचे नाणे पडत असे. तीन ‘लाइफ’ म्हणजे तीन जीव देण्याची पद्धत, पातळीगणिक वाढत जाणारा वेग, अमुक गुण झाले की बक्षीस म्हणून मिळणारा एक जास्तीचा जीव, या साऱ्या क्लृप्त्यांचे मूळ तेथे आहे. पॅक-मॅनच्या यंत्रात आतल्या बाजूस लहान खटके असत. किती जीव द्यावयाचे, जास्तीचा जीव किती गुणांवर द्यावयाचा आणि एका नाण्यात किती खेळ, हे यंत्राचा मालक त्या खटक्यांनी ठरवीत असे. बाहेर उभ्या असलेल्या मुलाला वाटे की आपण भुतांशी लढत आहोत; वस्तुतः त्याच्या नशिबाचा काही भाग यंत्राच्या पोटातील त्या खटक्यांनी आधीच ठरविलेला असे.

तथापि केवळ लबाडी एवढीच या खेळांची ओळख नव्हे. त्यांत खरी कल्पकता होती. टोमोहिरो निशिकादो यांच्या स्पेस इन्व्हेडर्स या १९७८ च्या खेळात शत्रूंच्या रांगा जसजशा कमी होतात तसतसे उरलेले शत्रू अधिक वेगाने चाल करून येतात. ही करामत आधी योजलेली नव्हती. थोडे शत्रू उरले की त्या काळच्या तोकड्या प्रोसेसरला चित्रे काढण्याचे काम कमी पडे, आणि म्हणून खेळ आपोआप वेग घेई. निशिकादो यांनी हा दोष काढून न टाकता तसाच ठेवला, आणि तोच खेळाचा प्राण ठरला. तोरू इवातानी यांच्या पॅक-मॅनमध्ये, म्हणजे १९८० मध्ये, चार भुतांना चार निरनिराळे स्वभाव दिलेले आहेत. एक सरळ पाठलाग करते, दुसरे खेळणाऱ्याच्या चार पावले पुढची जागा गाठू पाहते, आणि एक तर जवळ आले की पाठ फिरवून आपल्या कोपऱ्याकडे पळते. एवढा सगळा डोलारा अवघ्या सोळा किलोबाइटच्या आज्ञावलीत बसविलेला होता. आज फोनवरून पाठविलेले एक साधे छायाचित्रही बहुधा त्याहून अधिक जागा घेते.

समाजाला या खेळांची भीती वाटली ती मात्र कल्पकतेमुळे नव्हे, नाण्यामुळे. १९८१ मध्ये ब्रिटनच्या पार्लमेंटात मजूर पक्षाचे जॉर्ज फोक्स यांनी स्पेस इन्व्हेडर्स व तत्सम खेळांवर स्थानिक संस्थांचे नियंत्रण असावे म्हणून विधेयक मांडण्याची परवानगी मागितली. या यंत्रांपायी मुले शाळा बुडवितात आणि पैशासाठी वाममार्गाला लागतात असे त्यांचे म्हणणे होते. ११४ विरुद्ध ९४ मतांनी ती परवानगी नाकारली गेली. त्याच वर्षी फिलिपिन्समध्ये अध्यक्ष मार्कोस यांनी व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर सरसकट बंदी घातली. आज हे वाचताना हसू येते खरे. परंतु त्या तक्रारींतला एक धागा खोटा नव्हता. मुलाच्या हाती नाणे असेतो खेळ त्याला सोडत नाही, ही पालकांची भीती यंत्राच्या रचनेशी अगदी सुसंगत होती.

यानंतर नाण्याचा खेळ घरी आणण्याचे प्रयत्न झाले. अटारीने १९७५ मध्ये घरगुती पाँग काढला आणि १९७७ मध्ये कॅसेट बदलता येणारे यंत्र आणले. त्यावर १९८२ मध्ये निघालेला पॅक-मॅन इतका ओबडधोबड होता, आणि त्यातील भुते इतकी लुकलुकत, की खेळणाऱ्यांची घोर निराशा झाली. यंत्रच अपुरे होते. पुढच्या वर्षी अमेरिकेतील हा सारा धंदा कोसळला, आणि न खपलेल्या कॅसेटींचे ढीग न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरण्यात आले. २०१४ मध्ये तो खड्डा उकरला तेव्हा त्या खरोखरच सापडल्या. जे १९८२ मध्ये मोठ्या यंत्राला साधले नाही, ते वीस वर्षांनी मुठीत मावणाऱ्या दांड्याला साधले याचे कारण एवढेच की, दरम्यानच्या काळात चिपा कमालीच्या स्वस्त व समर्थ झाल्या होत्या. एके काळी कपाटाएवढ्या पेटीत जे मंडळ बसत असे, ते आता नखाएवढ्या जागेत मावू लागले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. नाण्याचा खेळ जसाच्या तसा घरी आणला आणि त्यातील नाणे तेवढे काढून टाकले, तर काय होते? वरवर पाहता काहीच होत नाही. चक्रव्यूह तोच, भुते तीच, जीव तीनच. पण खेळाचा अर्थ मुळापासून पालटतो. पार्लरमध्ये चूक म्हणजे दंड होता. घरी चूक म्हणजे केवळ चूक असते. हरल्यानंतर बटण दाबले की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. अशा वेळी खेळणारा घाई सोडून निरीक्षण करू लागतो. अमुक वळणावर थांबले तर लाल भूत कोठून येते, दुसरे का फसते, याचा अभ्यास करू लागतो. पॅक-मॅनची भुते पाठलाग करताना लहरीप्रमाणे वागत नाहीत, ठरलेल्या नियमांनुसार वागतात. त्यामुळे तीच वाट तशीच चालली तर तेच घडते. या वाटांचे नकाशे देणारी पुस्तके अमेरिकेत त्या काळीही निघाली व हातोहात खपली. परंतु त्या वाटा अंगवळणी पाडण्यासाठी तेव्हा नाण्यांची पुरचुंडी जवळ असावी लागे. ज्याच्या खिशात एकच नाणे, त्याला शिकण्याची संधीही एकाच नाण्याची. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या दांड्याने ही विषमता नाहीशी केली. गरिबाच्या मुलालाही शंभर वेळा चुकण्याची मुभा मिळाली, आणि शिक्षणाचा अर्थ शिक्षकांना सांगावयास नको : चुकण्याची मुभा नसेल तेथे शिकणे होत नाही.

या खेळण्यावर आक्षेप नाहीत असे नाही. पहिला आक्षेप असा की, हे खेळ मूळ खेळांच्या हुबेहूब प्रती नव्हेत. तो बरोबर आहे. स्वस्त चिपेसाठी पुष्कळदा खेळ नव्याने लिहिले गेले. रंग व आवाज थोडेफार बदलले. पार्लरच्या यंत्रातील पॅक-मॅनचा पडदा उभा होता, घरचा टीव्ही आडवा. त्यामुळे चक्रव्यूह दाबून बसवावा लागला. दुसरा आक्षेप असा की, ही वस्तू टिकाऊ नाही. ज्या पिनांवर ती चालते त्यांच्या खोबणी नव्या टीव्ही संचांतून नाहीशा होत चालल्या आहेत, आणि दांडा मोडला तर तो दुरुस्त करणारा कोणी नाही. तिसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे : हादेखील शेवटी धंदाच होय, आणि माणसाच्या गतकाळाविषयीच्या ओढीवर तो उभा आहे. हे तिन्ही आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. हा धंदा दुकानाच्या दारातच संपतो. पैसे दिले, वस्तू घरी आली, व्यवहार मिटला. त्यानंतर त्या दांड्याला खेळणाऱ्याकडून काहीही नको असते. त्याचे नाव नको, वय नको, पुढचा हप्ता नको. तो किती वेळ खेळला हे कोणी मोजत नाही आणि कोणाला कळतही नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना हा खेळ त्या अमेरिकन दांड्याच्या रूपाने फारसा परिचित नसेल, पण त्याचे नातेवाईक परिचयाचे आहेत. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास देशात रंगीत टीव्ही आला, आणि पुढील दशकात शहरांतून व्हिडिओ गेम पार्लर निघाली. घरी टीव्हीला जोडावयाची यंत्रेही आली. त्यांतली कितीतरी जपानी यंत्रांच्या नकला होत्या. मुले त्यांच्या खेळांना ‘कॅसेट’ म्हणत. मारिओ व कॉन्ट्रा हे शब्द चाळीचाळींतून रुळले. ज्यांना यंत्र विकत घेणे परवडत नसे ते सुट्टीत भाड्याने आणीत. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. आत मोजकेच खेळ फिरून फिरून नव्या क्रमांकांनी येत. ही फसवणूक खरी, पण तीही एकदाच होत असे. त्याआधीच्या पिढीचा कॅरम बोर्ड, पत्त्यांचा जोड किंवा बुद्धिबळाचा पट यांचाही न्याय असाच होता. सोंगट्या एकदा घरी आल्या की दुकानदार दर डावाला दारात येऊन उभा राहत नसे.

आज तो दारात उभा आहे. नव्हे, घरात येऊन बसला आहे. २०१२ साली निघालेल्या कँडी क्रश सागा या फोनवरील खेळात खेळणाऱ्याला पाच जीव मिळतात. ते संपले की एकेक जीव परत मिळण्यासाठी अर्धा-अर्धा तास थांबावयाचे, नाही तर पैसे मोजावयाचे. पार्लरमधील ‘जीव’ येथे पुन्हा अवतरला आहे, आणि त्याच्याबरोबर नाण्याची खाचही परत आली आहे. फरक एवढाच की, पार्लरला कुलूप लागत असे, आणि मुलाच्या खिशातील नाणी मोजकी असत. फोनला कुलूप नाही, आणि त्याला जोडलेले बँक खाते वडिलांचे असते. खेळ फुकट आहे असे सांगून तो सुरू करावयाचा आणि मन गुंतले की मधेच दार अडवावयाचे, ही पद्धत आता इतकी रूढ झाली आहे की पुष्कळांना खेळ म्हणजे हेच वाटते.

सरकारांनी याची दखल घेतली नाही असे नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये खेळांतील सोडतीसारख्या बंद पेट्यांची विक्री जुगाराच्या कायद्याखाली बेकायदा ठरविली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइट या खेळाच्या कंपनीशी केलेल्या तडजोडीत, नको असलेली खरेदी करावयास लावल्याबद्दल ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर घेण्याचे ठरविले. भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. हे पाऊल मोठे आहे. परंतु त्याचा रोख पैज लावून पैसे मिळविण्याच्या आशेवर आहे. काही जिंकण्याची आशा नसताना, केवळ खेळ पुढे चालू राहावा म्हणून दिलेला पैसा हा निराळा प्रश्न आहे, आणि मुलांच्या बाबतीत तोच अधिक नित्याचा आहे. तो कायद्याच्या एका कलमाने सुटण्यासारखा नाही. त्यासाठी घरातील माणसांना खेळाची पारख करता आली पाहिजे.

ही पारख करण्यास जुना दांडा फार चांगली फूटपट्टी आहे. खेळ आपले पैसे एकदाच घेतो की वारंवार, हा पहिला प्रश्न. खेळणारा कौशल्याने पुढे जातो की पैशाने, हा दुसरा. आणि खेळाला कोठे थांबण्याची जागा आहे काय, हा तिसरा. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पॅक-मॅनच्या मूळ यंत्राने मोठ्या गमतीने दिलेले आहे. त्यात पातळीचा आकडा अवघ्या एका बाइटमध्ये ठेवलेला असून, त्यात २५५ च्या पुढची संख्या मावत नाही. २५६ व्या पातळीवर गणित बिघडते, पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागात चिन्हांचा कचरा पसरतो आणि पुढे जाणे अशक्य होते. खेळ रचणाऱ्यांनी असा शेवट योजलेला नव्हता. पण शेवट आहे. तेथवर पोहोचलेल्या माणसाला उठून घरी जाण्यावाचून गत्यंतर नाही. आजच्या खेळांत असा दोष राहू दिला जात नाही. ते अखंड चालावेत अशीच त्यांची योजना असते.

मुलांनी खेळू नये असे म्हणणारा समाज शहाणा नव्हे. आणि जुने ते सारे चांगले, नवे ते सारे वाईट, हाही विवेक नव्हे. या जुन्या खेळांचे मूळ वर सांगितल्याप्रमाणे नाण्यांच्या डब्यातच आहे. सांगावयाचे ते इतकेच की, त्या डब्यातून सुटल्यावरही हे खेळ जिवंत राहिले, म्हणजे त्यांत नाण्याखेरीज काहीतरी होते. फोनवरील खेळालाही हीच कसोटी लावून पाहावी. त्यातील पैसे मागणारे दार काढून टाकले, तर मागे खेळ म्हणून काही उरते काय? उरत असेल, तर मुलाला तो खुशाल खेळू द्यावा. उरत नसेल, तर ते मूल खेळत नसून गिऱ्हाईक होत आहे, आणि ही गोष्ट त्याला वेळीच समजावून सांगणे हे घराचे व शाळेचे काम आहे.